पंचेचाळीस दिवसांचे मौन

आपल्या मालकीची वस्तू कोणाला विकावी, कोणाला द्यावी आणि कोणत्या भावाने द्यावी, हा सामान्यतः मालकाच्या मर्जीचा प्रश्न मानला जातो. जालन्याच्या बाजारात बैलजोडी विकणारा शेतकरी घेणाऱ्याच्या पूर्वचरित्राची विचारपूस करीत बसत नाही, आणि रक्कम पदरात पडली की कासरा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा होतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरात, माळवदाच्या खोलीत, एखादी बारा बोअरची दुनळी बंदूक असली, ती रीतसर परवान्याची असली, आणि घेऊ पाहणारा त्याचा सख्खा मेहुणा असला, तरीही ती अशी हातोहात देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने प्रथम जिल्हादंडाधिकाऱ्यांना अथवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला आपला इरादा लेखी कळवावयाचा, घेणाऱ्याचे नाव व पत्ता त्यात नमूद करावयाचा, आणि मग थांबावयाचे. किती थांबावयाचे, तर निदान ४५ दिवस.

ही तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमात आहे. शस्त्रांचा व्यापार करणाऱ्याला स्वतंत्र परवाना लागतो हे सर्वांना ठाऊक असते. पण जो व्यापारी नाही, ज्याने स्वतःच्या उपयोगासाठी कायदेशीरपणे बाळगलेले एकच हत्यार विकावयाचे आहे, अशा खासगी माणसाला कायद्याने व्यापाराच्या परवान्यातून सूट दिली, आणि सूट देतानाच तिला दोन कुलुपे लावली. पहिले कुलूप असे की घेणारा स्वतः ते हत्यार बाळगण्यास कायद्याने पात्र असला पाहिजे, म्हणजे ३ ऱ्या कलमाखालचा परवाना त्याच्या नावाने अगोदरच निघालेला असला पाहिजे. दुसरे कुलूप त्या ४५ दिवसांच्या इत्तल्याचे. एकात घेणाऱ्याची पारख आहे, तर दुसऱ्यात व्यवहाराची. मुलगा, भाऊ, जावई अशा नात्यागोत्याची सवलत यात कोठेही नाही. बापाने लेकाला बंदूक द्यावयाची म्हटली तरी लेकाला स्वतःचा परवाना काढल्यावाचून गत्यंतर नसते.

आता या दुसऱ्या कुलपाकडे जरा निरखून पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. विकणाऱ्याने कळविले पाहिजे असे कायदा सांगतो, मुदत लोटली पाहिजे असेही सांगतो, परंतु ज्याला कळविले त्याने त्या मुदतीत काय करावे, चौकशी करावी की नाही, उत्तर द्यावे की नाही, याविषयी ते कलम अक्षरानेही बोलत नाही. अर्ज दप्तरात पडून राहिला, त्यावर आवक क्रमांकाखेरीज दुसरी काहीही अक्षरे उमटली नाहीत, तरी ४६ व्या दिवशी व्यवहार कायदेशीर होतो. मौनं संमतिलक्षणम् हे वचन आपण विवाहाच्या बोलण्यांत ऐकतो. ते शस्त्रांच्या हस्तांतराच्या कायद्यात या रूपाने येऊन बसलेले पाहून किंचित नवल वाटते, आणि माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेचे बळ व दौर्बल्य याच एका मौनात सामावलेले आहे.

घेणाऱ्याचा परवाना कसा निघतो, हे समजून घेतल्यावाचून त्या मौनाचे वजन कळणार नाही. जालना जिल्ह्यातील माणसाने अर्ज करावयाचा तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या त्यांच्या दुसऱ्या अधिकारात. ज्या शहरांना पोलीस आयुक्तालय आहे तेथे हे काम आयुक्तांकडे असते, जालन्यात ते जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे. अर्जाबरोबर ओळखीचे दाखले, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि शस्त्र कशासाठी हवे याचा खुलासा. नंतर तो कागद पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयामार्गे अर्जदाराच्या हद्दीतील ठाण्यात उतरतो, आणि तेथून बीट अंमलदाराच्या हाती येतो. खरी चारित्र्य पडताळणी येथे सुरू होते. अर्जदार २१ वर्षांचा आहे काय, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात त्याला कारावासाची शिक्षा झाली असेल तर ती भोगून पाच वर्षे झाली काय, शांतता राखण्याचे बंधपत्र, ज्याला ठाण्यात सरसकट चाप्टर केस म्हणतात, त्याच्यावर चालू आहे काय, हे प्रश्न ९ व्या कलमातून येतात आणि त्यांची उत्तरे ठाण्याच्या नोंदवह्यांतून मिळू शकतात. पण मनाचा तोल ढळलेला नाही ना, अन्य कोणत्याही कारणाने हा मनुष्य शस्त्र बाळगण्यास अयोग्य तर नाही ना, याच्या हाती शस्त्र दिल्याने सार्वजनिक शांततेस बाध तर येणार नाही ना, हे १४ व्या कलमातले प्रश्न नोंदवहीला विचारून भागत नाही. ते गावाला विचारावे लागतात.

म्हणून हवालदार गावात जातो, पोलीस पाटलाला बोलावतो, शेजारच्या दोघातिघांना विचारतो, आणि त्याच्या अहवालात एका ओळीत एका माणसाचे सारे आयुष्य येते. पोलीस पाटील हे पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजच्या स्वरूपात आणले असले, तरी गावातल्या भल्याबुऱ्याची खबर वर देण्याचा त्याचा धर्म पुष्कळ जुना आहे. ही पद्धती हास्यास्पद नाही, उलट ती शहाणपणाची आहे, असे मी म्हणेन. कारण कोण दारू पिऊन बायकोवर हात उगारतो, कोणाचा बांधावरून भावकीशी उभा दावा आहे, कोण रात्रीबेरात्री कोणत्या जीपमधून फिरतो, हे जगातल्या कोणत्याही दप्तरापेक्षा गावाच्या पारावर अधिक बिनचूक ठाऊक असते. शस्त्र अधिनियमाच्या याच १४ व्या कलमात एक उपकलम असेही आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही परवाना नाकारता येणार नाही. जहागीरदार आणि कूळ यांना एका पायरीवर उभे करणारे हे उपकलम ज्याने लिहिले, त्या अनामिक मसुदाकाराविषयी मला आदर वाटतो.

तथापि या पायरीवरही एक मौन टपून बसलेले आहे. पोलिसांचा अहवाल विहित मुदतीत आला नाही, तर योग्य वाटल्यास त्याची अधिक वाट न पाहता जिल्हादंडाधिकाऱ्यांना आदेश देता येईल, असे परंतुक १३ व्या कलमात आहे. दप्तरदिरंगाईमुळे नागरिकाचा अर्ज वर्षानुवर्षे कुजत पडू नये, हा त्यामागील हेतू. परंतु त्याचा परिणाम असा की ज्या चौकशीवर सगळा भरवसा, तीच झाली नाही तरी चालेल अशी वाट मोकळी झाली. केंद्रीय गृह मंत्रालयाला हे पुढे उमगले, आणि २०१० मध्ये त्याने राज्यांना कळविले की पूर्वचरित्र, धोक्याचे स्वरूप आणि शस्त्र हाताळण्याची क्षमता यांविषयी पोलिसांचा अहवाल आल्याखेरीज परवाना देऊ नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्या अहवालाला ३० दिवसांची मुदत घातली. एवढे करूनही मूळ परंतुक कायद्यात जसेच्या तसे राहिले.

हा कायदा इतका संशयी का झाला, याचे उत्तर इतिहासात आहे. जालन्याच्या भूमीला शस्त्रांचे अप्रूप नाही. याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती वेलस्ली यांची गाठ पडली, आणि शिंद्यांच्या नव्वदाहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. पुढे १८५७ नंतर ब्रिटिश मुलखातील प्रजेला निःशस्त्र करण्याचे धोरण आले आणि व्हाइसरॉय लिटन साहेबांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला, ज्याच्या अंमलात गोऱ्यांना सूट होती आणि काळ्यांना परवान्याची सक्ती. हा वर्णभेद पुढे १९२० च्या सुमारास काढला गेला, परंतु तोपर्यंत तो कायदा राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक होऊन बसला होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्याचा एक भाग; येथे कायदा संस्थानाचा, दरखास्ती तालुकदाराकडे, आणि गढीवर बंदूक असणे ही देशमुखीची शोभा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपूर्वीचे रझाकारांचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना, राज्यकर्त्याच्या मर्जीने एका जमावाच्या हाती शस्त्र आणि दुसऱ्याच्या हाती काही नाही, याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९३१ च्या मार्चमध्ये कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, असे एक वाक्य घातले होते. ते वाक्य घटनेत उतरावे म्हणून हरि विष्णु कामथ यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत उपसूचना आणली. आणि तिला विरोध केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. हा हक्क मूलभूत ठरविला तर चोर-दरोडेखोरही तो मागू शकतील, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. उपसूचना फेटाळली गेली. आज घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात शांततेने एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण तो विनाशस्त्र जमण्याचा. १९५९ चा कायदा करताना सरकारने उद्देशपत्रिकेत तडजोड मांडली ती अशी की, आत्मसंरक्षणासाठी बंदूक सर्व नागरिकांना परवान्याने मिळावी, मात्र ज्यांचे पूर्वचरित्र अथवा प्रवृत्ती तिला आड येते त्यांना नव्हे. तो कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अंमलात आला.

येथे एक गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. शस्त्रे, बंदुका, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या विधिमंडळाला खासगी बंदुकीच्या हस्तांतराविषयी स्वतंत्र कायदा करावयाचा म्हटला तरी तो विषय त्याच्या कक्षेत नाही; कायदा दिल्लीचा, आणि तो ज्याच्या पायांनी चालतो तो पोलीस मात्र राज्याचा, कारण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्य सूचीत आहेत.

अमेरिकेत नेमके याच्या उलट आहे, आणि ज्यांची मुले-सुना कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झाली आहेत अशा आपल्याकडील अनेक घरांना ही उलटापालट समजून घेण्यात व्यवहाराचाही स्वार्थ आहे. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेनेच दिलेला. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी बंधनकारक केली, आणि १९९८ पासून ती संगणकावर होऊ लागली. परंतु एका सामान्य माणसाने दुसऱ्या सामान्य माणसाला बंदूक विकली तर संघराज्याच्या कायद्याला त्यात तपासणी नको. ही फट बुजविण्याचे काम राज्यांवर पडले. कॅलिफोर्नियाने ते १९९१ मध्येच केले होते. कोलोरॅडोने २०१३ मध्ये, वॉशिंग्टनने २०१४ मध्ये जनमताने, ओरेगॉनने २०१५ मध्ये, आणि पुढे इतर काहींनी. टेक्सासने केले नाही. त्यामुळे एकच व्यवहार एका राज्यात बेकायदा आणि शेजारच्या राज्यात निर्दोष, अशी स्थिती तेथे आहे.

नेवाडा राज्याची कथा तर एखाद्या प्रहसनासारखी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी तेथील मतदारांनी अत्यंत निसटत्या बहुमताने खासगी विक्रीला तपासणी लावली, आणि त्याच दिवशी मेन राज्याच्या मतदारांनी तशीच सूचना नाकारली. नेवाडाच्या सूचनेत ही तपासणी संघराज्याच्या एफबीआय या तपासयंत्रणेने करावी असे लिहिले होते. एफबीआयने उत्तर दिले की तुमच्या राज्यात तपासणी तुमचेच खाते करते, आम्ही ती करणार नाही. राज्याच्या महान्यायवादींनी त्याच डिसेंबरात मत दिले की जी तपासणी कोणी करावयास तयार नाही ती न केल्याबद्दल कोणाला शिक्षा करता येत नाही, आणि मतदारांनी मंजूर केलेला कायदा निपचित पडून राहिला. २०१९ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा करून काम राज्याच्याच खात्याकडे दिले, तेव्हा २०२० च्या आरंभी तो चालू लागला. कायदा कोणाचा आणि पाय कोणाचे, हा आपल्याकडचाच प्रश्न तेथे आरशात उलटा दिसतो.

मौनाची गोष्टही तेथे आहेच. तीन कामकाजाच्या दिवसांत यंत्रणेकडून नकार आला नाही तर दुकानदाराला बंदूक द्यावयास अमेरिकेचा संघीय कायदा मोकळीक देतो. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना ज्याने ठार केले, त्याच्या हाती पिस्तूल आले ते याच वाटेने. त्याची तपासणी अपुरी राहिली, तीन दिवस गेले, आणि उत्तर न येणे हेच उत्तर ठरले. पण तेथील व्यवस्था विचारते ती दप्तराला, आणि दप्तरात जे लिहिलेले नाही ते तिला कळत नाही. आपली व्यवस्था दप्तराबरोबर गावालाही विचारते. मग आपली अधिक सुरक्षित का नसावी?

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही, गोदावरी ओलांडली की पुरे. अंबड आणि घनसावंगी हे जालन्याचे तालुके ज्या नदीवर संपतात, तिच्या पैलतीरावर बीड जिल्हा सुरू होतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या झाली. ती हत्या बंदुकीने झालेली नव्हती; परंतु तिच्यानंतर जी धूळ उडाली तीत बीडमधील शस्त्र परवान्यांचा आकडा वर आला, तो बाराशेहून अधिक होता, आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्या, कमरेचे पिस्तूल मिरविणाऱ्या माणसांची चित्रे घराघरांतल्या मोबाइलवर फिरू लागली. गुन्हे दाखल असलेल्या परवानाधारकांची छाननी झाली, पोलिसांकडून परवाने रद्द करण्याचे प्रस्ताव गेले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांतील अनेक रद्द केले. १७ व्या कलमान्वये तो अधिकार त्यांना नेहमीच होता. प्रश्न असा की या परवान्यांपूर्वी जी चारित्र्य पडताळणी झाली असेल, तिच्यात पोलीस पाटलाला, शेजाऱ्यांना, ग्रामस्थांना कोणी विचारलेच नाही काय? विचारले असेल, असेच मी गृहीत धरतो. परंतु ज्याच्या दारात चार गाड्या उभ्या असतात आणि ज्याच्या एका फोनवर ठाण्यात उठबस होते, त्याच्याविषयी पारावरचा माणूस हवालदाराला काय सांगणार? भला माणूस आहे, एवढेच सांगणार. दप्तराच्या मौनापेक्षा हे मौन अधिक घातक आहे, कारण ते अहवालात होकाराच्या रूपाने लिहिले जाते.

मागणीची बाजूही समजून घेतली पाहिजे. जालना सोने का पालना ही म्हण ज्या व्यापारावर उभी राहिली, तो आता लोखंडी सळयांचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबीचा बाजार असा पसरला आहे. रोख रक्कम घेऊन ये-जा करणाऱ्या माणसाने आत्मसंरक्षणासाठी परवाना मागितला तर त्यात गैर काही नाही. दुसरीकडे जाफराबाद, भोकरदन, मंठा, परतूर या भागांतील शेतकरी, ज्याच्या उभ्या मक्यात रानडुकरांचा कळप शिरतो आणि ज्याच्या हरभऱ्यावर रोही रात्रभर चरतात. त्याच्यासाठी १३ व्या कलमात वेगळी तरतूद आहे: पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी ठरली तर अन्य छऱ्याची बंदूक, यांचा परवाना द्यावा असे कायदा सांगतो. त्या बंदुकीने आवाज काढून जनावर हुसकावणे एक, आणि ते मारणे दुसरे. मारण्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे पुष्कळांना प्रकरण अंगाशी आल्यावर कळते. या ठासणीच्या बंदुकीला आणि कारखानदाराच्या परदेशी पिस्तुलाला पडताळणीची एकच चाळणी लावली जाते, आणि अनुभव असा की त्या चाळणीत अडकतो तो बहुधा शेतकरी.

वारसाची गोष्ट आणखी निराळी. खासगी हस्तांतराचा आपल्याकडील सर्वांत प्रचलित प्रकार विक्री हा नसून मृत्यू हा आहे. परवानाधारक गेला की त्याचा परवाना त्याच्याबरोबर संपतो, आणि ज्या क्षणापासून बंदूक घरात ठेवणे बेकायदा होते त्या क्षणापासून ती विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली पाहिजे, असे २१ वे कलम सांगते. मृत्युपत्रात शेत, वाडा, दागिने लिहून ठेवता येतात. बंदूक लिहिली तरी तिचा ताबा त्या कागदाने मिळत नाही. वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावयाचा, इतर वारसांची ना-हरकत जोडावयाची, आणि त्याचीही तीच पडताळणी व्हावयाची. २०१६ च्या नियमांनी एक सोय केली: परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाली किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, तर हयातीतच तो आपला वारस सुचवू शकतो. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. परिणामी तेरावा झाला तरी बंदूक फळीवरच राहते, सहा महिन्यांनी कोणाच्या तरी लक्षात येते, आणि तोपर्यंत सुशील मुलगा कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्र बाळगणारा झालेला असतो. ठाण्यात जमा केलेले शस्त्र विहित मुदतीत परत घेतले नाही वा पात्र माणसाला विकले नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने ते सरकारजमा होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, तेव्हाही जुन्या घराण्यांतली तिसरी बंदूक अशीच एका वर्षात जमा करावयाची होती. पहिल्या मसुद्यात तर एकच बंदूक ठेवावी असे होते. विरोधामुळे दोन झाल्या. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी माणसाकडे पुन्हा पाहण्याची जी संधी तीन वर्षांनी येत होती ती आता पाच वर्षांनी येते. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही तेव्हाच आले.

कोणी म्हणेल, या सगळ्या कागदी खटाटोपाचा उपयोग काय, गुन्हे होतात ते गावठी कट्ट्यांनी, आणि कट्टा विकणारा कोणाला ४५ दिवसांची नोटीस देत नाही. हे खरे आहे. चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून असलेले मध्य प्रदेशातील उमर्टी हे गाव या बेकायदा मालासाठी पोलिसांच्या कारवायांत वारंवार येते, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाविषयी चिंता व्यक्त करताना, अमेरिकेप्रमाणे आपल्या घटनेत शस्त्राचा हक्क नाही याचे स्मरण करून दिले. परंतु कट्ट्याचा बंदोबस्त करणे हे पोलिसांच्या शोधाचे काम आहे. परवाना हा तर राज्याने स्वतःच्या सहीने दिलेला विश्वास आहे, आणि जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या अडीच लाखांहून अधिक परवान्यांची सीबीआयला जी चौकशी करावी लागली तिने दाखवून दिले की ही सही विकाऊ झाली तर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही तिचा लाभ घेता येतो. आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय संगणकीय नोंदीत एक स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे दोन जिल्ह्यांतून दोन परवाने काढण्याची जुनी युक्ती अवघड झाली. माणूस कसा आहे हे मात्र क्रमांकावरून कळत नाही.

निवडणुका जाहीर झाल्या की ही पारख थोड्या दिवसांसाठी पुन्हा जिवंत होते. आचारसंहितेच्या काळात जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती बसते, आणि कोणाचे शस्त्र जमा करावयाचे व कोणाचे नाही हे सरसकट न ठरविता माणूसवार ठरविते. जामिनावर सुटलेला कोण, पूर्वी दंगलीत नाव आलेले कोण, याची यादी होते. ठाण्याला आपल्या हद्दीतील परवानाधारकांविषयी सगळे काही ठाऊक असते, याचा याहून चांगला पुरावा नाही. मतमोजणी झाली की शस्त्रे परत जातात आणि ती यादीही बासनात बांधली जाते. ती यादी नूतनीकरणाच्या अर्जाला जोडावी, चौकशी अहवालात कोणाकोणाला विचारले ते त्यांच्या सुरक्षेची काळजी घेऊन गोपनीय पुरवणीत नोंदवावे, आणि ४५ दिवसांच्या इत्तल्याला हो किंवा नाही असे लेखी उत्तर देणे ठाण्यावर बंधनकारक करावे, एवढ्याने फार मोठे काम होईल असे मला वाटते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना संसदेकडे जाण्याचीही गरज नाही. आज स्थिती अशी आहे की जिल्हादंडाधिकाऱ्यांनी परवाना नाकारला तर १४ व्या कलमान्वये त्याची कारणे लिहून ठेवावी लागतात, मागितल्यास सामान्यतः त्यांचा गोषवारा अर्जदाराला द्यावा लागतो, आणि त्या कारणांवर विभागीय आयुक्तांकडे अपील चालते. परवाना दिला, तर आदेश लेखी असला म्हणजे कायद्याचे समाधान होते, आणि तो या माणसाला का दिला हे लिहिण्यास मूळ कायद्याचे कोणतेही कलम सांगत नाही.